साक्षीबाईंची दुसरी नळी

मोठ्या शहरातून रक्तावर संशोधन करायला आलेल्या एका डॉक्टरांनी रत्नागिरीच्या एका रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ बाईंना फसवलं. बाईंनी जे शोधून काढलं ते डॉक्टरांनी स्वतःच्या नावावर छापलं, आणि बाईंच्या फायलीत हलगर्जीपणाचा शेरा होता तो तसाच राहू दिला. त्या शेऱ्याआधी जी बोलणी झाली ती मी केली होती, म्हणून हे लिहायला बसलो. एरवी लेखन हा माझा प्रांत नाही. लांज्याला माझा काजूचा कारखाना आहे. शिक्षण दहावी, तेही रखडत. जे मिळवलं ते भाव करून मिळवलं, आणि सगळ्या आयुष्यात एकच सौदा असा केला की तो आठवला की जेवण जात नाही.

बाईंना सगळे साक्षीबाई म्हणत. रक्त देण्याआधी रुग्णाचं रक्तद्रव आणि पिशवीतल्या तांबड्या पेशी एका काचेच्या नळीत एकत्र करून बघतात. गुठळी झाली तर ती पिशवी त्या माणसाला चालत नाही. ही नळी सगळेच लावतात. बाई तिच्याशेजारी आणखी एक नळी लावत. तिच्यात रुग्णाचंच रक्तद्रव आणि रुग्णाच्याच पेशी. कुणी विचारलं तर म्हणत, "ही साक्षीला. पहिली नळी खोटं बोलली तर हिला विचारता येतं." कितीही घाईगर्दी असो, दुसरी नळी लावल्याशिवाय बाईंच्या हातून पिशवी सुटत नसे. बाहेर नातेवाईक ओरडत, आत साहेब घड्याळाकडे बघत, आणि बाई नळी घेऊन खिडकीशी जात. उजव्या हातात बांगडी घालत नसत. खिडकीच्या उजेडात नळी हळूच कलती करायची, नखाने टिचकी मारायची, आणि पेशी तळातून कशा सुटतात ते बघायचं. धुरासारख्या सुटल्या तर ठीक. ढेकूळ तसंच सरकलं तर पिशवी परत.

मी पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो त्याला वीस वर्षं झाली. बायकोचं दुसरं बाळंतपण होतं. पहिल्या वेळी तिला रक्त द्यावं लागलं होतं, याही वेळी लागणार असं डॉक्टरांनी सांगितलं. मी तेव्हा हायवेवर काजूगराची पाकिटं विकत होतो. खिडकीशी उभा राहून तासभर झाला तरी पिशवी येईना.

"बाई, पिशवीवर गट लिहिलाय ना? तोच गट आहे ना? मग द्या की."

"गट जुळला. रक्त नाही जुळलं."

"ही काय भानगड? तुमचे साहेब कुठे आहेत? बोलवा त्यांना."

बाईंनी मान वर केली. "शेठ, ओरडल्याने गुठळी होत नाही, आणि ओरडल्याने ती जातही नाही. तिथे बाकावर बसा. बसवत नसेल तर उभे राहा, पण उजेड सोडा."

पाच पिशव्या बाद केल्या. सहावी जुळली. संध्याकाळी बायको आणि मुलगी दोघी सुखरूप आहेत असं कळल्यावर मी परत गेलो, तेव्हा बाईंनी समजावून सांगितलं. पहिल्या वेळी जे परकं रक्त दिलं होतं, ते बायकोच्या शरीराने लक्षात ठेवलं होतं. "पाहुणा एकदा आवडला नाही की घर त्याचा चेहरा विसरत नाही," त्या म्हणाल्या. "पुन्हा तसला आला की दार लावून घेतं. कधी नुसतं दार लावतं, कधी मारामारी होते." त्या दिवसापासून दर चार महिन्यांनी मी रक्त द्यायला जाऊ लागलो. मी कुणाचं देणं ठेवत नाही.

जाताना काजूगराची पिशवी नेत असे. बाई ती उघडत, त्यातला एक गर उचलत आणि पिशवी परत माझ्या हातात देत. "वानगी पुरे." वानगी म्हणजे मालाचा नमुना. आमच्या धंद्यात पोतं उचलण्याआधी मूठभर माल बाजूला काढून ठेवतात, पुढे वाद झाला तर दाखवायला. मी म्हणे, "बाई, घरी न्या." त्या म्हणत, "घरी खाणारं कोण आहे? मी, आणि भिंतीवरची पाल." लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे मी एकदाच विचारलं. त्यावर "वेळ नव्हता" एवढंच म्हणाल्या आणि रजिस्टर पुढे ओढलं. ड्युटी संपताना रजिस्टर मिटून त्या रोज एकच वाक्य म्हणत, "आज कुणाचं चुकवलं नाही." आनंदाने नव्हे. ओझं खाली ठेवताना माणूस जसा सुस्कारा टाकतो तसं.

मग ते संशोधन आलं. साठवलेलं रक्त दिल्यावर त्यातल्या तांबड्या पेशी माणसाच्या अंगात किती दिवस टिकतात हे त्या डॉक्टरांना मोजायचं होतं. धडधाकट माणसाचं थोडं रक्त काढायचं, त्यातल्या पेशींना एका जीवनसत्त्वाचं लेबल चिकटवायचं, आणि त्याच माणसाच्या अंगात परत सोडायचं. मग दर आठवड्याला थोडं रक्त काढून लेबलवाल्या किती उरल्या ते बघायचं. मला हे लगेच कळलं. पोत्यावर मार्का मारून गोदामात ठेवायचं आणि दर आठवड्याला आपल्या मार्क्याची पोती मोजायची, तसंच हे. मी नाव दिलं. फक्त एक अट घातली, माझ्या रक्ताचा निकाल मला लेखी पाहिजे. डॉक्टर हसून म्हणाले, "नक्की." तो कागद मी अजून पाहिलेला नाही.

पहिली फेरी सरळ गेली. काही महिन्यांनी दुसरी झाली. पुन्हा रक्त काढलं, लेबल लावलं, परत सोडलं. लेबल लावायला डॉक्टरांची माणसं येत. आठवड्याचे नमुने काढणं, फ्रीजमध्ये ठेवणं आणि बर्फाच्या डब्यातून शहराकडे पाठवणं हे साक्षीबाईंचं काम. दुसऱ्या फेरीच्या तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांचा फोन आला. माझ्या नमुन्यात लेबलवाल्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. ज्या महिनोन्‌महिने टिकायच्या, त्या तीन आठवड्यांत गायब.

"नमुना तुमच्याकडे बिघडलाय, बाई," डॉक्टर म्हणाले. "कोकणात वीज जाते, मला माहीत आहे."

"वीज जाते," बाई म्हणाल्या. "जनरेटर आहे. फ्रीजचं तापमान मी दिवसातून तीनदा लिहिते. आणि त्या डब्यात आठ जणांच्या नळ्या होत्या. बर्फ काय एकाच नळीवर रुसला?"

पलीकडून फोन ठेवला गेला. हे मला बाईंनी सांगितलं नाही, त्यांच्या शेजारी बसणाऱ्या शिपायाने सांगितलं. बाईंनी मला फक्त निरोप धाडला, येऊन दोन नळ्या रक्त देऊन जा.

लेबल लावून उरलेल्या माझ्या पेशी फ्रीजमध्ये होत्या. डॉक्टरांच्या माणसांनी त्या फेकून द्यायला सांगितल्या होत्या. बाईंना काही फेकवत नसे. शिवाय संशोधन सुरू होण्याआधीचं माझं थोडं रक्तद्रवही त्यांनी तारीख घालून गोठवून ठेवलं होतं. असं त्या सगळ्यांचं ठेवत, कुणी सांगितलं नव्हतं तरी. त्या दिवशी त्यांनी चार नळ्या लावल्या. पहिलीत माझं आजचं रक्तद्रव आणि लेबलवाल्या पेशी. दुसरीत तेच रक्तद्रव आणि माझ्याच साध्या, बिनलेबलच्या पेशी. तिसरीत आधीचं, गोठवलेलं रक्तद्रव आणि लेबलवाल्या पेशी. चौथीत दुसऱ्याच माणसाचं रक्तद्रव आणि माझ्या लेबलवाल्या पेशी. अंगाच्या उबेइतक्या पाण्यात ठेवल्या, धुतल्या, गुठळी उघड करणारं शेवटचं औषध घातलं, यंत्रात फिरवल्या, आणि एकेक घेऊन खिडकीशी गेल्या. मी मागे उभा.

पहिलीत गुठळी. बाकी तिन्हींत धूर.

बाईंनी पुन्हा चारही लावल्या. पुन्हा तेच. मग स्टुलावर बसल्या आणि चष्मा काढून डोळे चोळले. "शेठ, पेशी तुमच्याच आहेत. पण त्यांच्यावरचा मार्का तुमच्या अंगाला परका वाटला. पहिल्या फेरीत त्याने तो ओळखून ठेवला, दुसऱ्या फेरीत दिसल्याबरोबर हाकलून दिला. नमुना बिघडलेला नाही. तुमचं रक्त चोख काम करतंय."

"मला काही होईल का?"

"काही नाही. साध्या रक्ताशी तुमचं भांडण नाही, लेबलाशी आहे. पण हे मोजणाऱ्यांना कळायला हवं. नाहीतर पेशी लवकर मेल्या असं समजून ते साठवलेल्या रक्ताला दोष देतील." आणि मग, "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी नवीन बघितलं हो."

बाईंच्या तोंडावर तेवढा आनंद मी त्याआधी किंवा नंतर पाहिला नाही. तोही दहा मिनिटं टिकला असेल. त्यांनी वहीत चार नळ्यांची आकृती काढली, प्रत्येकीखाली निकाल लिहिला आणि डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्ही पिशव्या जुळवा. संशोधन आमच्यावर सोडा."

पुढच्या आठवड्यात डॉक्टर स्वतः आले. माझा नमुना बाद करायचा होता, त्या कागदावर सही करायला मलाही बोलावलं होतं. रक्तपेढीच्या साहेबांची खोली. साहेब खुर्चीत, डॉक्टर शेजारी, बाई उभ्या. फेकायला सांगितलेल्या पेशी परवानगी न घेता वापरल्या, हा नियमभंग आहे, डॉक्टर म्हणाले. चौकशी लागेल. बाईंच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. मी आधी ओरडलो. माझा स्वभाव तसा आहे, तोंड आधी जातं. पण ओरडून झाल्यावर मी जे करतो ते केलं. बोलणी सुरू केली.

बोलणी मला कळतात. समोरच्याला काय हवं आहे ते आधी ओळखायचं. डॉक्टरांची नजर पुन्हा पुन्हा बाईंच्या हातातल्या वहीकडे जात होती. त्यांना वही हवी आहे हे मी ओळखलं. का हवी आहे ते ओळखलं नाही. मला वाटलं, आपली चूक झाकायला ती फाडून टाकायची असेल. म्हटलं, फाडू दे. अर्ध्या तासात ठरलं. बाईंनी एक चिठ्ठी लिहून द्यायची की नमुना ठेवण्यात आपल्याकडून चूक झाली. ती चिठ्ठी साहेबांच्या खणात राहील, फायलीत जाणार नाही. वही डॉक्टरांकडे. चौकशी नाही. मी बाईंना बाहेर पडवीत नेलं.

"सही करून टाका, बाई."

"खोटं लिहू?"

"आठ महिने राहिलेत तुमचे. चौकशी लागली तर आठ वर्षं चालेल."

"खवट बी तुम्ही चांगल्या पोत्यात मिसळाल का हो?"

"पोतं वाचणार असेल तर एखादी मिसळतो."

बाई कठड्याला टेकल्या. सकाळपासून उभ्या होत्या. "माझ्यात भांडायचं त्राण नाही, शेठ. असतं तर तुमचं ऐकलं नसतं." मग, "नमुना बिघडला नव्हता, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग झालं. कुणाला तरी ठाऊक असलं म्हणजे बस."

आत गेल्या, चिठ्ठी लिहिली, वही टेबलावर ठेवली. सुवाच्य अक्षर होतं. चिठ्ठीतही तेच. आणि मी, जो मूठभर वानगी काढून ठेवल्याशिवाय सख्ख्या मेहुण्याचं पोतं उचलत नाही, त्याने त्या वहीच्या एका पानाची झेरॉक्स काढली नाही. दुकान समोरच होतं.

चिठ्ठी खणात राहिली नाही. महिन्याभरात फायलीत लागली, वर डॉक्टरांच्या सहीचा शेरा, "नमुना हाताळणीत हलगर्जीपणा, कर्मचाऱ्यास मान्य." मी साहेबांना जाब विचारला. साहेब म्हणाले, डॉक्टरांच्या संस्थेकडून कागद आला, मी काय करणार. बाईंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, मला उलट ओरडता तरी आलं असतं.

निवृत्तीनंतर लॅब तंत्रज्ञांच्या कोर्सला शिकवायचं बाईंच्या मनात होतं. कॉलेजनेच विचारलं होतं. मुलींना नळी हलवायची कशी हे पुस्तकातून कळत नाही, असं त्या म्हणत. कॉलेजने फाइल मागवली, शेरा वाचला आणि कळवलं की यंदा जागा नाही. पुढच्या वर्षीही नव्हती. बाई मालगुंडला भावाच्या घरी राहायला गेल्या. त्यांच्या जागी आलेली मुलं हुशार आहेत, पण साहेबांनी त्यांना सांगून ठेवलं आहे की ठरल्यापलीकडे काही करायचं नाही, साक्षीबाईंचं काय झालं ते माहीत आहे ना. नवी मुलं ती गोष्ट ऐकून मान हलवतात. त्यांच्या लेखी साक्षीबाई म्हणजे नमुने नासवणारी बाई.

माझी मुलगी, तीच जिच्या जन्माच्या वेळी पाच पिशव्या बाद झाल्या होत्या, तिने त्याच कोर्सला नाव घातलं. दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर तिला त्या डॉक्टरांचा इंग्रजी लेख सापडला. लेबल लावलेल्या तांबड्या पेशींविरुद्ध माणसाच्या शरीरात प्रतिकार कसा तयार होतो आणि तो कसा ओळखायचा, असा विषय. मुलीने छापून घरी आणला. मी तिला गाडीत घातलं आणि मालगुंडला नेलं.

बाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मुलगी एकेक वाक्य मराठी करून वाचत गेली. बाईंनी हात थांबवला नाही.

"किती नळ्या?" त्यांनी विचारलं.

"चार."

"क्रम काय दिलाय?"

मुलीने सांगितला.

"क्रमसुद्धा माझाच ठेवला," बाई म्हणाल्या. एक खडा काढून अंगणात टाकला. "आणि माणूस कोण लिहिलाय?"

"एक निरोगी पुरुष स्वयंसेवक."

"निरोगी आहे खरा. ओरडतो फार." मुलगी हसली. मला हसता येईना. मी म्हटलं, बाई, हे तुमचं आहे, यात तुमचं नाव नाही. त्या म्हणाल्या, "नाव कशाला? कळलं ना सगळ्यांना, लेबलाने असं होतं म्हणून? आता दुसऱ्यांदा देण्याआधी तपासतील. बरं झालं." मग सूप खाली ठेवून मुलीकडे बघितलं. "बाय, एक बघ गो. नमुना बिघडला नव्हता, असं कुठे लिहिलंय का त्यात?"

मुलीने सगळी पानं पुन्हा चाळली. शेवटी सर्व सहकाऱ्यांचे आभार होते, एका ओळीत. ती म्हणाली, "नाही, आजी."

"बरं," बाई म्हणाल्या आणि सूप उचललं. येताना आम्हाला दारापर्यंत सोडायला आल्या. गाडीशी उभ्या राहून मला म्हणाल्या, "तेवढं फायलीतलं निघालं तर बघा, शेठ. बाकी काही नको."

मी बघितलं. रक्तपेढीत गेलो, फाइल बंद झाली म्हणाले. डॉक्टरांच्या संस्थेला पत्रं घातली. नियमानुसार कळवू म्हणाले. डॉक्टरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "अहो, आम्ही सगळ्यांचे आभार मानलेत. आणि चूक त्यांनी स्वतः लिहून दिली आहे. तुम्हीच तर होता तिथे." मी फोन ठेवला. मीच तर होतो तिथे.

गेल्या वर्षी गणपती झाले आणि बाई गेल्या. दमा वाढला होता. भावाने कळवलं तेव्हा मी लांज्याहून निघालो, पोचलो तोवर सगळं आटपलं होतं. ज्यांना शिकवायचं राहून गेलं त्या कोर्सच्या मुली नव्हत्या, रक्तपेढीचं कुणी नव्हतं. शिपाई तेवढा आला होता, एसटीने.

मी दमलो आहे. कागद घेऊन दारोदार फिरायचं माझं वय राहिलं नाही. माझ्या वाटणीची चूक वर लिहून दिली आहे, कुणी न मागता. आता डॉक्टरांनी आपली लिहावी. हे वाचणारा कुणीतरी त्यांना ओळखत असेल, त्याने हे त्यांच्यापर्यंत पोचवावं. डॉक्टर, तो नमुना माझा होता. शेऱ्यात तुम्ही म्हणता तो बिघडलेला होता. लेखात त्याच नमुन्यावरून तुम्ही निष्कर्ष काढला आहे आणि तो जगभर वाचला जातो. नमुना बिघडला असेल तर लेख मागे घ्या. बिघडला नसेल तर शेरा मागे घ्या, आणि तसं पत्र त्या रक्तपेढीत आणि त्या कॉलेजात पाठवा. दोन्ही कागदांवर सही तुमचीच आहे. त्यांतली खोटी कुठली, ते तुमच्या हाताने लिहून द्या.